कावळ्याला दिलेला शब्द

लोकशाहीत सत्तेचा उगम जनतेत असतो. खासदार अंकिताताईंच्या बाबतीत तो एका कावळ्यात होता, आणि तो कावळा बाभळीवरून खाली यायला तयार नव्हता.

खाली ओढ्याकाठी रामहरी आबांचा दहावा चालला होता. गाव माढा तालुक्यातलं. अंकिता तेव्हा ताई झालेली नव्हती; सोलापुरात खोली घेऊन तलाठी भरतीचा अभ्यास करणारी आबांची नात होती. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. ऊन तापलं होतं. सगळे वर बघत होते. अंकिता मात्र आजीकडे, बजाबाईकडे, बघत होती. तिला शुगर होती, आणि कावळा शिवल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेणार नव्हती.

"इच्छा राहिली असेल काही. बोला कुणीतरी," चिंतामणी गुरुजी म्हणाले. त्यांना टेंभुर्णीला दुसरा दहावा होता.

थोरले चुलते हात जोडून पुढं झाले. "आबा, वाटण्या करनार न्हाय आमी."

कावळ्याला ते खरं वाटलं नाही. गावालाही वाटलं नाही.

"अंकीचं लगीन पोलिसासंगं लावतो!" धाकटे चुलते ओरडले.

कावळा एक फांदी वर सरकला.

मग कुणालातरी पूल आठवला. स्मशान ओढ्यापलीकडं, त्यामुळं आबांची तिरडी कमरेएवढ्या पाण्यातून न्यावी लागली होती. इच्छा तीच असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. श्रद्धांजलीच्या भाषणासाठी आलेले माजी सभापती उदयसिंह दादा उठले, त्यांनी घसा साफ केला. "आबा, हा पूल मी करणारच." हे वाक्य ते प्रत्येक निवडणुकीत बोलत आले होते. कावळा उडाला आणि पार ओढ्याच्या पलीकडं जाऊन बसला.

गुरुजींनी निमूटपणे दर्भाचा कावळा वळायला घेतला.

"गवताचा कावळा?" बजाबाई कडाडली. "माजा मालक काय गवत खायचा व्हय?"

एवढं बोलून तिला घेरी आली. अंकितानं तिला सावरलं आणि पलीकडच्या झाडाकडं बघत ती वैतागून ओरडली, "आबा, पूल मी बांधते! आता या की हिकडं, आजी मरंल हितं!"

कावळा आला. भाताचं शीत उचललं आणि गेला. बजाबाई पाणी प्याली.

पुढच्या निवडणुकीत अंकिता बिनविरोध सरपंच झाली. कावळ्यानं निवडलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरायची कुणाची छाती झाली नाही, उदयसिंह दादांच्या माणसांचीसुद्धा. तलाठी व्हायचं राहून गेलं. दिलेला शब्द मात्र अंगावर होता. पूल झाला नाही तर आबांना अडकवून ठेवल्याचं पाप तिच्या माथी, हे गाव तिला रोज प्रेमानं सांगत होतं. मग एक दिवस ती भांडायच्या तयारीनं सोलापूरला बांधकाम खात्यात गेली. आजी हट्टानं सोबत आली.

भांडायची वेळच आली नाही. दानेश्वरी मॅडम तिथल्या इंजिनिअर. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"पूल कधीचा मंजूर आहे की," त्या म्हणाल्या. "तुमच्याच गावच्या एका शेतकऱ्यानं कोर्टातून स्टे आणलाय. पुलाच्या तोंडाशी त्याची दोन गुंठे जमीन जाते म्हणून. लई चिवट म्हातारा होता म्हणे. आता त्याच्या वारसांनी दावा मागं घेतला, तर काम लगेच सुरू होईल."

"कोण हा म्हातारा?" अंकितानं विचारलं.

उत्तर बजाबाईनं दिलं. "तुजा आबा की."

अंकिता आजीकडं वळली. "मग दहाव्याला गप का बसलीस गं?"

"तू बोललीस, कावळा शिवला. मी कशाला मोडता घालू?" बजाबाईनं बशीत चहा ओतला. "आन् पूल मला पायजेच हुता की. जलमभर त्या पान्यातनं डोईवर भारा आनलाय मी. त्यांचं काय, ते बांदावर बसून बगायचे."

घरच्यांनी दावा मागं घेतला. पावसाळ्याआधी पूल झाला. त्यावरून पलीकडच्या गावांची मतं चालत आली. अंकिताताई जिल्हा परिषदेत गेल्या आणि पुढं दिल्लीत.

पुलाला रामहरी आबांचं नाव आहे.