जाणाऱ्याला टोकू नये

करिष्माने बॅगेची चेन लावली आणि घर गप्प झालं.

देऊळघाटच्या त्या घरात कोणी निघालं की असंच होई. कुठे चाललास, कशाला चाललास, हे कोणी विचारायचं नाही. चुकून विचारलंच, तर निघालेला माणूस परत आत येई, दोन मिनिटं बसे, घोटभर पाणी पिई आणि मग निघे. टोकलेलं काम होत नाही, असा तिच्या आईचा, सरस्वतीबाईंचा नियम होता. करिष्मा बी.एस्सी. झाली तरी तिने तो मोडला नव्हता. एकदा मोडायला निघाली होती, तेव्हा आईने तिला नजरेनेच गप्प केलं होतं.

ती सकाळ तिला तपशिलासह आठवे. दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार, सव्वासात. मोठा भाऊ गजेंद्र काळी बॅग घेऊन निघाला. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास होऊन त्याला आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत तो धड वीस वाक्यंही बोलला नव्हता. करिष्मा "कुठं" म्हणणार, तोच आईने डोळे वटारले. ती थांबली. "येतो," म्हणून गजेंद्र गेला. मलकापूर स्टेशनवर त्याला कोणीतरी पाहिलं, एवढंच पुढे कळलं. त्यानंतर काही नाही.

विचारलं असतं तर तो थांबला असता का? ते सांगता येत नव्हतं. तो प्रयोग पुन्हा करता येणार नव्हता. पण आईने त्यानंतर त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, याची नोंद करिष्माच्या मनात पक्की होती.

त्याच महिन्यात तिने कोरियन शिकायला घेतलं. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषे लागतात, असं मैत्रीण कोकिळाने कळवलं होतं. क्लास मोबाइलवर, सकाळी सहा ते सात. इअरफोनने कान दुखत, म्हणून मोबाइल फळीवर ठेवून ती मोठ्याने वाक्यं म्हणे. शेजारी आई सूप घेऊन तूर निवडत बसे. इच्छेची वाक्यं वेगळी, हेतूची वेगळी. मला पाणी प्यायचं आहे. मी भाजी आणायला जाते. शिक्षिका प्रत्येकाला रोज तेच दोन प्रश्न विचारी. ओदी कासेयो? कुठे जाता? म्वो हारो कायो? काय करायला जाता? या घरात ज्याला बंदी होती, तो त्या भाषेत चौथा धडा होता.

वडील उकंडराव ओट्यावरून विचारत, "भांडून राह्यली का कोनाशी?"

"नाही बाबा. बाजारात जाऊन राह्यली."

"मंग पिशवी ने."

आज ती मुलाखतीला निघाली होती. मुलाखत उद्या दहा वाजता, बुलडाण्याहून पुण्याची एसटी आज साडेनऊला. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. नोकरी मिळो वा न मिळो, ती या घरात परत येणार नव्हती, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुण्यात कोकिळाच्या खोलीवर एका माणसाची जागा होती. बॅगेत स्वेटरही होता. आईला हे सांगायचं तिने चार-पाच वेळा ठरवलं होतं. प्रत्येक वेळी वाक्य मराठीत जुळवताना अर्ध्यावरच राहिलं होतं.

उकंडराव बॅग घेऊन ऑटो थांबवायला पुढे गेले. सरस्वतीबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं. करिष्माने ते चाटलं, देवाला हात जोडले आणि चप्पल घातली. आई दारात उभी होती. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ओदी कासेयो?"

उच्चार जवळजवळ बरोबर होता. करिष्मा जागच्या जागी थांबली.

"आई, तू टोकलं मले."

"मराठीत इचारलं का टोकनं होते. थ्या भाषेत कायचं टोकनं."

"कोनं सांगतलं तुले?"

"कोन सांगन? दोन वर्षं ऐकून राह्यली मी. एवढं तं येते." मग पाठ केल्यासारखं, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "म्वो हारो कायो?"

आईला प्रश्न येत होते. उत्तरं येत नव्हती. उत्तरं रोज वेगळी असत, ती ऐकून पाठ होण्यासारखी नव्हती. करिष्माला हे कळायला एक क्षण लागला. मुलाखत द्यायला जाते, हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी या दारात विचारत होतं, आणि खरं बोलायला इतकी सुरक्षित जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"चिबे दोराओगो शिप्ची आनायो," ती म्हणाली. मला घरी परत यायची इच्छा नाही. ती ते सावकाश बोलली, परीक्षेत बोलतात तसं, एकही चूक न करता.

सरस्वतीबाईंनी मान थोडी कलती करून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं. मग त्यांचे डोळे भरले.

"गजूले इचारलं नव्हतं म्या," त्या म्हणाल्या. "तुलेबी इचारू देल्लं नाही. म्हून मी हे शिकली."

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. करिष्मा पाया पडायला वाकली.

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता जे बोल्ली ना बाई, तसंच होऊ दे."