तव्यावरचा गोळा

खाणीतल्या भुकटीत पारा मिसळून त्यात सोनं धरायचं, फडक्यातून पिळायचं आणि उरलेला गोळा घरच्या तव्यावर तापवायचा, हा त्याचा धंदा. पारा उडून जाई, सोनं मागे राही. खिडक्या मात्र घट्ट बंद. वाऱ्याने सोनंही उडतं, अशी त्याची ठाम समजूत. बाकी माणूस हुशार!

"अहो, पोरीचे हात कापतात हल्ली," बायको म्हणाली.

"आईवर गेलीय. तुझे काय कमी कापतात?"

त्या दुपारी वीस ग्रॅमच्या गोळ्यातून सात ग्रॅम सोनं निघालं; बाकीचा तेरा ग्रॅम जड पारा वाफ होऊन बंद खोलीतच विरला. खुशीत त्याने चुलीपाशी उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या लेकीला उचलायला हात घातला, आणि त्याची कंबरच लचकली.

"काय खायला घालतेस गं हिला?"

"कुठलं काय! चार दिवस घास घेत नाहीये." बायकोचा चेहरा उतरला. "काल मलाही उचलेना. म्हटलं, माझ्याच अंगात त्राण नसेल."

दोघांनी तिला काखेत धरून जोर लावला. दंड काडीसारखे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पण पोर तसूभर हलली नाही.

"बाबा, घे ना," ती रडवेली झाली.

तेवढ्यात तिच्या पायांखालची फरशी तडकली आणि पोर बोटभर खाली गेली.