तुसातली लस

माझे पप्पा निवृत्त सुभेदार; घरात त्यांचा शब्द कुणीच मोडत नाही. गेल्या खेपेची कोंबड्यांची पिल्लं रक्ती हगवणीनं मेली, म्हणून नव्या पिल्लांना आईनं त्याच रोगाची लस पाजली. आठवड्यानं पप्पा खोरं घेऊन शेडवर हजर! “खालचं घाण तूस बदलायचं. बराकीत असलं चालत न्हाई.” आई चक्क आडवी आली. “आवं, थांबा की! लशीतले जंतू शिटेतनं त्याच तुसात पडल्यात. पिल्लं ते थोडं थोडं टोचणार, तवाच रोगाशी लढाय शिकणार.” “म्हंजे रोगच खायला घालतीस?” “तुमाला लढाईआधी खोट्या लढाया खेळाय लावत हुते न्हवं? तसंच हाय.” काय बोलली माझी आई! मी मनात शिट्टीच मारली. पप्पा खोरं टेकवून उकिडवे बसले. जाळीमागं एक पिल्लू तूस उकरत होतं. “टोच रं रंगरुटा,” पप्पा म्हणाले, “टोच.”