डावखुरा

"क्लबवाल्यांना नाही म्हणून सांगितलं, आई. आधी कॉलेज," निषाद म्हणाला आणि मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. अठराव्या वर्षी पोराने पुस्तकं मिटून पगारी बेसबॉल खेळायला जायचं, या विचाराने महिनाभर तिला अन्न गोड लागत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजचे कोच कागद घेऊन त्यांच्या ह्यूस्टनच्या घरी आले. आवाज मऊ, वागणं घरच्यासारखं. पोह्यांची दुसरी बशीही त्यांनी मागून घेतली. निषादने सही केली.

"आता तरी पोटभर जेव," तो आईला म्हणाला.

"तुम्ही याला कधीपासून बघताय?" तिने कोचना सहज विचारलं.

"पहिल्यापासून," म्हणत त्यांनी फाइलमधला एक फोटो तिच्यापुढे सरकवला.

नाशिकजवळचं धरण. दोन वर्षांचा निषाद डाव्या हाताने पाण्यात खडा भिरकावत होता. अमेरिकेचा विषयही तेव्हा घरात निघाला नव्हता. त्या दुपारी काठावर मायलेक दोघंच होते. तिसरं माणूस नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

फोटोत मात्र ती निषादशेजारी बसून फोटो काढणाऱ्याकडे बघत होती, ओळखीचं हसत.