कादंबरीतल्या मुलीची रोजनिशी

“कादंबरीतल्या मुलीची रोजनिशी लिहायचा प्रोजेक्ट मुलांनाच करू द्या हं,” बोरीवलीच्या शाळेत तांबे टीचरनी पालकसभेत बजावलं होतं. श्रुतिकाने ते हसण्यावारी नेलं. मनवा डान्स क्लासला गेली तेवढ्यात तिने दोन पानं एका दमात लिहिली. लेकीने ती नुसती आपल्या अक्षरात उतरवली.

सोमवारी टीचरचा फोन आला. “अहो, ‘घर भरलेलं आहे, पण मला कुणी काही विचारत नाही’ असं लिहिलंय हिने. पुस्तकातली मुलगी तर केवढी हसरी आहे! मनवाला घरी काही त्रास आहे का?”

“नाही हो, मनवा मजेत आहे,” म्हणून श्रुतिकाने फोन ठेवला आणि आपणच लिहिलेली ती ओळ पुन्हा मनात म्हटली.

संध्याकाळी तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं :

“तुमच्या घरी मुलांचे प्रोजेक्ट जी लिहिते ना, तिला आज एकदा विचारा, बरी आहेस ना गं?”