गंधाली अजून आत आहे

गोरेगावच्या आमच्या ऑफिसात क्लाउडवरचा एकच डेस्कटॉप गंधाली आणि मी आळीपाळीने वापरतो. काम झालं की मी न चुकता साइन आउट करते. गंधाली नुसती विंडो बंद करून उठते, त्यामुळे तिचं सगळं आत चालूच राहतं.

“देव कमी पडले म्हणून कॉम्प्युटरचंही व्रत धरलंस का गं?” असं वर मलाच चिडवते.

सोमवारी दुपारी, उपवासाचं ताक पिऊन मी लॉगिन केलं, तर तिचा कॅमेरा आत चालूच होता. पडद्यावर गंधाली आमच्याच टेबलाशी बसली होती आणि मागून कुणाचा तरी हात तिचं तोंड टेबलावर आपटत होता. दात तुटले, रक्त उडालं, तरी तो हात थांबेना.

आणि गंधाली तर माझ्या शेजारीच चहा पीत उभी होती.

“हे काय आहे गं?” मी पुटपुटले. तिने चहाचा कप खाली ठेवला.

घाबरून मी साइन आउट दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, ‘गंधाली अजून आत आहे. बाहेर काढायचं?’

पडद्यातल्या गंधालीने रक्ताळलेलं तोंड वर केलं आणि माझ्यापुढे हात जोडले. मी ‘हो’वर बाण नेला.

“राहू दे ना तिला आत,” शेजारची गंधाली म्हणाली, आणि माऊसवरचं माझं बोट धरून तिने ते हाड मोडेपर्यंत उलटं वाकवलं.