कमरेइतकं पाणी

"लग्न कराल माझ्याशी?" असं ओर्तांसबाईंनी तीस वर्षांपूर्वी पत्रातून विचारलं होतं. तेओद्यूल मास्तरांनी त्याला उत्तर दिलंच नव्हतं.

यंदा जुन्या विद्यार्थ्यांनी सगळ्या निवृत्त शिक्षकांसाठी दिवसभरासाठी यॉट भाड्याने घेतली. मार्तिनिक बेटाजवळच्या भर समुद्रात, पांढऱ्या वाळूच्या उथळ पट्ट्यावरच्या कमरेइतक्या पाण्यात, सगळे रमचे पेले घेऊन उतरले. बाई नेमक्या मास्तरांशेजारी.

"आता पळा कुठे पळताय ते!" बाई हसून म्हणाल्या. "शनिवारी मी पॅरिसला बहिणीकडे चालले, कायमची. उत्तर द्यायचं तर आता द्या."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यात माशाचं भजं कोंबलं. संध्याकाळपर्यंत त्यांना तेवढंच जमलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी चार घरं पलीकडच्या बाईंच्या दारावरूनच, मान खाली घालून, ते टपालपेटीपर्यंत गेले आणि "हो. जाऊ नका." एवढंच लिहिलेलं पत्र त्यांनी पेटीत टाकलं.